घोडं शीळफाट्याला अडतं

घोडी फळवावी की नाही, हा प्रश्न ठाण्याच्या राजाला कधी पडला नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ‘ताना’च्या राज्याबद्दल जे लिहून ठेवलंय, त्यात या राजाची युक्ती आहे. राजाकडे स्वतःचे घोडे नव्हते. पण पश्चिमेकडून हिंदुस्थानात येणाऱ्या जहाजांवर बाकी मालाबरोबर घोडे असायचेच. राजाने चाच्यांशी सरळ करार केला. लुटीतले घोडे माझे, उरलेलं सगळं तुमचं. ना माज ओळखायची भानगड, ना अकरा महिने वाट बघणं, ना डॉक्टरांचे फोन. पोलोला हा व्यवहार राजाला न शोभणारा वाटला. त्याने आयुष्यात शिंगरू वाढवलेलं नसणार.

हाच पोलो पूर्व किनाऱ्याबद्दल सांगतो की, तिथे जातिवंत घोडीला जातिवंत घोडा दाखवला तरी निपजतं ते वाकड्या पायांचं, बसायला निरुपयोगी शिंगरू. आणि त्याच ओघात हेही सांगतो, की तिथले लोक घोड्यांना शिजवलेला भात आणि मांस खाऊ घालतात. भाताचा आणि पायांचा संबंध ज्याचा त्याने लावायचा.

मी हे दादांना सांगितलं. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “चाचे आपल्याकडे अजून हायेत. पण ते घोडे आणून देत नाहीत, जमिनी घेऊन जातात.”

दादा राहतात डोंबिवली पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या एका गावात. सुप्रसिद्ध सत्तावीस गावांपैकी हे एक. 1983 मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिका झाली तेव्हा ही गावं आत होती, 2002 मध्ये बाहेर काढली, 2015 मध्ये पुन्हा आत घेतली. दादांच्या गोठ्यातला खुंटा तोच आहे. त्याला बांधलेलं जनावर मात्र कधी महापालिकेचं असतं, कधी ग्रामपंचायतीचं. आधी तिथे बैल होते. शेती गेली तसे बैल गेले, शेताच्या जागी बावीस मजली इमारती उभ्या राहिल्या, दादांचा बंगला झाला, गाडी झाली, आणि गाडीनंतर आमच्या भागात जी पायरी येते ती आली. हौस. या पायरीवर कुणी शर्यतीचे बैल घेतं, कुणी गळ्यातली साखळी जाड करतं. दादांनी एका जत्रेतून घोडी आणली. विकणारा म्हणाला, सहा वर्षांची आहे. त्याला तीन वर्षं झाली.

तिचं नाव बिजली. पायात बिजलीसारखं काही नाही. पण अधूनमधून ती कुणाला न सांगता कामच बंद करते, एवढ्यावरून नाव चपखल आहे. रंगाने कुमैत, चारही पाय आणि कपाळ पांढरं, म्हणजे पंचकल्याण. अस्सल मारवाडी घोड्याचे कान आत वळून टोकाला टोक भिडतं. बिजलीचा एक कान अस्सल मारवाडी आहे, दुसरा अजून विचारात आहे. वर्षातून एकदा, पाडव्याला, ती फडके रोडवर शोभायात्रेत जाते. 1999 मध्ये डोंबिवलीने ही नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली तेव्हापासून नऊवारी, फेटा आणि गॉगल लावलेल्या मुलींना घोड्यावर बसायची हक्काची जागा झाली. एरवी भावकीतल्या एखाद्या हळदीला हजेरी. उरलेलं वर्ष बिजली भुसा, कुट्टी, हरभरा खाते, मोतद्दाराकडून खरारा करून घेते आणि समोरच्या टॉवरकडे बघते. टॉवर तिच्याकडे बघतो.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका हळदीत कुणीतरी डीजेच्या दोन गाण्यांच्या मध्ये विचारलं, “काय दादा, घोडी अशीच ठेवणार का?”

एवढंच. लग्नाला दोन वर्षं झालेल्या सुनेबद्दल ज्या आवाजात विचारतात, अगदी त्याच आवाजात. त्या दिवसापासून बिजली आणि दादा यांच्यामधला हा खासगी मामला पंचक्रोशीचा झाला.

दादांच्या आईचं म्हणणं पहिल्यापासून स्पष्ट. “घोरी हाय म्हून काय जालं? बाईचाच जीव ना. येकदा कूस उजवू दे तिची.” आजींच्या मते पोर झालं की बिजली शांत होईल, लाथ मारायची थांबेल, अंग भरेल. घोडीला आई न करताही ती सुखाने म्हातारी होऊ शकते, स्वभावाच्या तक्रारीवर बाळंतपण हे काही औषध नव्हे, असं जनावरांच्या एका डॉक्टरांनी सांगून पाहिलं. आजींना सात मुलं. त्यांनी डॉक्टरांकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

दुसरे सल्लागार चौदाव्या मजल्यावर राहतात. निवृत्त आहेत. त्यांच्या बाल्कनीतून दादांची पत्र्याची शेड सरळ दिसते. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले. चौदाव्या मजल्यावरून घोडी हाकणारा हा एकच गृहस्थ. त्यांनी हिशेब मांडून दिला होता: एका घोडीच्या दोन होतील, दोनाच्या चार, म्हणजे दहा वर्षांत पागा. चक्रवाढ व्याज घोड्याला लावलं की भारी दिसतं. पण घोडी अकरा महिने गाभण राहते, शिंगरू सहा महिने दूध पितं, आणि पाठीवर माणूस घ्यायला त्याला तीन वर्षं तरी व्हावी लागतात. चार वर्षं दोन तोंडांना घालायचं, तेव्हा कुठे बसायला घोडं मिळणार. ते घोडं कसं निघेल याची हमी नाही. तेवढ्या पैशांत शिकवलेली, लगाम-रिकीब समजणारी, डीजेला न बुजणारी तयार घोडी येते. हा उलटा हिशेब त्या गृहस्थांना दाखवला तेव्हा ते म्हणाले, “त्यात मजा नाही.” खरं होतं. सगळ्या चर्चेत प्रामाणिक कारण म्हणून मी एवढंच एक ऐकलं.

तिसऱ्याने गाढव सुचवलं. म्हणजे बिजलीसाठी. खेचराला डोंगरात मागणी असते म्हणे. घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62, खेचराला येतात 63, म्हणून पुढे त्याचा वंश थांबतो. ही माहिती बरोबर होती. पण पंचकल्याण घोडीच्या मालकाला ती देण्याची जागा चुकली. त्या माणसाला दादांनी चहा विचारला नाही, आणि आगऱ्याच्या घरी चहा न विचारणं म्हणजे काय ते ज्याला कळतं त्याला कळतं.

या साऱ्या गोंधळात माझं लक्ष मात्र एका गोष्टीने वेधून घेतलं. प्रत्येकाला मुलगी हवी होती.

घोड्यांच्या दुनियेत शिंगी झाली की पेढे. नवरदेवाला घोडीच लागते, घोडा नव्हे. घोडी गर्दीत नर घोड्यापेक्षा आवरते, पुढे फळवता येते, विकायला काढली तर गिऱ्हाईक तयार असतं. नर शिंगरू दोन वर्षांचं झालं की शेजारच्या घोडीसाठी कुंपण मोडतं. त्याचं खच्चीकरण करावं लागतं किंवा त्याला कुठेतरी धाडावं लागतं. ज्या घरात तीन पिढ्या पहिल्या मुलासाठी मलंगगडापर्यंत नवस बोलले गेले, त्याच घरात आता टिटवाळ्याच्या गणपतीला साकडं गेलं: बिजलीला लेकच दे. दादांची मोठी मुलगी, जी स्वतः आजींच्या मते ‘मुलगा होता होता राहिलेली’ आहे, हे ऐकून एवढंच म्हणाली, “मी घोडी व्हायला हवी होते.”

एकाने तर विचारलं, आधी कळतं का? कळतं. साधारण दोन महिन्यांच्या गाभाची सोनोग्राफी केली आणि डॉक्टर तयारीचा असला, तर शिंगरू नर की मादी ते सांगता येतं. माणसांच्या बाबतीत गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने केला, 1988 साली. पुढे 1994 चा केंद्रीय कायदा आला आणि प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात पाटी लागली. घोडीला हा कायदा लागू नाही. जिथे सगळे मुलगीच मागतात, तिथे कायद्याची गरजही नसावी. कायदा करणाऱ्यांना ही जागा सुचली नाही हे ठीकच झालं.

मग वर शोधायला सुरुवात झाली. इथे मोतद्दाराची खरी सत्ता. तो फोनवर घोड्यांचे व्हिडिओ दाखवतो: सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला भरणाऱ्या बाजारातले, अकलूजचे, नांदेडकडच्या माळेगावचे. घोडा नाचतो, मागे हलगी वाजते, खाली आकडा येतो आणि दादा फोन परत देतात. आकडा परवडला तर भोवरे बघायचे. घोड्याच्या अंगावर केस जिथे गोल फिरतात तो भोवरा. मानेवर योग्य जागी असला तर देवमण, मालकाची भरभराट. चुकीच्या जागी असला तर मालकाची वाट. एक अबलख घोडा सगळ्यांना पसंत पडला होता, पण त्याच्या मानेच्या एका बाजूला मोतद्दाराला सापीण दिसली. व्हिडिओ अस्पष्ट होता. सापीण स्पष्ट होती म्हणे. स्थळ मोडलं.

पाय सरळ आहेत का, खूर कसे आहेत, त्याची आधीची शिंगरं कशी निघाली, रक्त तपासलंय का, हे प्रश्न कुणी विचारले नाहीत. ग्लँडर्स नावाचा रोग घोड्याकडून माणसालाही होतो आणि सापडला तर जनावर मारावंच लागतं. त्याची तपासणी ही देवमणापेक्षा महत्त्वाची आहे. पण प्रयोगशाळेच्या कागदाला हलगीची साथ नसते.

गावातल्या एका कृषी पदवीधराने वेगळाच मुद्दा काढला. मारवाडीच्या मागे कशाला, आपल्या मातीतली भीमथडी घ्या. नीरा-भीमेच्या खोऱ्यात धनगर बांधवांची बिऱ्हाडं वाहणारी ही काटक जात आता अधिकृत जात म्हणून नोंदलीही गेली आहे. मुलगा अभ्यासू होता, मुद्दा बिनतोड होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कुणीतरी विचारलं, उंचीला कशी असते? थोडी कमी, तो म्हणाला. फडके रोडवर कमी उंचीच्या घोड्याचा फोटो कसा येईल, या विचारात स्वाभिमान तिथेच विरला.

समजा, वर मिळाला. तो घाटावर. बिजली खाली. घोडीचं चक्र साधारण एकवीस दिवसांचं, त्यात माज पाच-सात दिवस, आणि खरी वेळ त्याच्या शेवटच्या एक-दोन दिवसांत. ती साधायची तर टेम्पो वेळेवर निघाला पाहिजे, आणि टेम्पो वेळेवर निघाला तरी रस्त्यात शीळफाटा आहे. ज्यांना शीळफाटा माहीत नाही त्यांना समजावून सांगता येणार नाही. ज्यांना माहीत आहे ते आताच हसले असतील. मेट्रोचे खांब, उड्डाणपुलाचं काम, न्हावाशेव्याकडे निघालेले कंटेनर. मी तिथे माणसांना गाडीत वाढदिवसाचा केक कापताना पाहिलंय. शीळफाट्यावर शिरलेली माजावरची घोडी महापे ओलांडेपर्यंत माजावर राहील याची जबाबदारी कोण घेणार? तिकडे जाऊन तिने घोड्याला लाथ घातली तर त्यात तिचा दोष नाही, वाहतूक पोलिसांचाही नाही.

तिथे पोचल्यावरही सरळ काही नसतं. आधी पुढे आणतात एक साधा, कमी किमतीचा घोडा. त्याचं काम फक्त बिजली राजी आहे का हे बघण्याचं. तो मान उंचावतो, खिंकाळतो, मनापासून प्रयत्न करतो. ती राजी दिसली की त्याला बाजूला नेतात आणि नंबरी घोडा आणतात. ही नोकरी तो बिचारा आयुष्यभर करतो. या एका माहितीवर आमच्या कट्ट्यावर बराच वेळ शांतता पसरली. दोघं-तिघं कंपनीत सीनियर मॅनेजर आहेत.

त्यापेक्षा रेतन का नाही, असा आधुनिक प्रश्न आला. गोठवलेलं रेत मागवून देशी जातीच्या घोड्या फळवता येतात. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांत मात्र ते चालत नाही. वंशावळीच्या पुस्तकात नाव हवं तर नर-मादीची प्रत्यक्ष भेट लागते, जगभर हाच नियम. पण गोठवलेल्या रेताला वेळ आणखी काटेकोर पाळावी लागते. दिवसातून अनेकदा सोनोग्राफी, आणि ती करायला घोड्याचा डॉक्टर. कल्याण-डोंबिवलीत दर चौकात पेट क्लिनिक आहे. पण पगला, पर्शियन मांजराला आणि लॅब्राडोरला पाहणारा डॉक्टर, खोड्यात उभ्या केलेल्या चारशे किलोच्या जनावराच्या मागे उभा राहून खांद्यापर्यंत हातमोजा चढवेल, ही अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे.

महिला मंडळाचं मात्र सगळं ठरलेलं होतं. डोहाळजेवण. बायकांचं सातव्या महिन्यात करतात, अकरा महिनेवालीचं कितव्यात? त्रैराशिक मांडून साडेआठवा निघाला. फुलांची वाडी, हिरवी झूल, पेढा की बर्फी ओळखायच्या वाट्या, सगळं. वाट्या दोन ठेवल्या तर बिजली दोन्ही खाणार, हे एकीने निदर्शनास आणलं. टॉवरमधल्या एका ताईंनी आधीच सांगून ठेवलं, “व्याली की आम्हाला खरवसाचा चीक ठेवा हं.” घोडीचा चीक शिंगराचा जीव असतो, पोटात असताना आईकडून त्याला रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती पहिल्या काही तासांच्या चिकातूनच मिळते. हे ऐकून ताई म्हणाल्या, “एक वाटी तरी?”

घोड्या बहुतेक रात्री वितात, सगळीकडे सामसूम झाल्यावर. सडांवर मेणासारखे थेंब दिसले की वेळ जवळ आली. शिंगरू तासाभरात उभं राहायला हवं, दोन तासांत आंचळाला लागायला हवं, तीन तासांत वार पडायला हवी; यातलं काही चुकलं तर धावपळ. पण बिजलीला सामसूम मिळणार कुठून? समोर बावीस मजले, प्रत्येक मजल्यावर चार फ्लॅट, प्रत्येक फ्लॅटमध्ये एक तरी माणूस फोन सरळ धरून रेकॉर्डिंगला तयार.

आणि मग जागा. हा प्रश्न सगळ्यांनी टाळला होता, कारण त्याला उत्तर नव्हतं. शिंगराला धावायला लागतं. बांधून वाढवलं तर हाडं, सांधे, खूर, काहीच नीट घडत नाही; भात न घालताही पोलोचं वाकड्या पायांचं शिंगरू डोंबिवलीत तयार होऊ शकतं. दादांकडे शेडच्या मागे एक तुकडा उरलाय, पूर्वीचं खाचर. त्यावर सध्या गवत आहे, दोन आंबे आहेत आणि एका बिल्डरची नजर आहे. दादा संध्याकाळी तिथे उभे राहतात. एका बाजूला शिंगरू धावताना दिसतं, दुसऱ्या बाजूला चौरस फुटाचा भाव दिसतो. दादा माणूस चांगला आहे, त्यामुळे त्यांना दोन्ही दिसतं.

शेवटी घोड्यांचे डॉक्टर आले. शांत गृहस्थ. त्यांनी ना भोवरे पाहिले ना देवमण. खुरं उचलून पाहिली, छातीला नळी लावली, आणि बिजलीचा वरचा ओठ बाजूला सारून कोपऱ्याच्या दातावर मोबाइलचा उजेड टाकला. “या बघा,” म्हणाले. आम्ही वाकून पाहिलं. पिवळट दातावर वरून खाली येणारी एक तपकिरी खाच होती, हिरडीपासून दाताच्या मध्यापर्यंत. ही खाच दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी दिसू लागते, पंधराव्याला दाताच्या अर्ध्यावर येते, विसाव्याला टोक गाठते. ढोबळ माप आहे, पण विकणाऱ्यापेक्षा खरं.

“नऊ ना?” दादांनी विचारलं.

“पंधराच्या आसपास.”

गोठ्यात मोठी शांतता झाली. आजी तेवढ्या हलल्या नाहीत. आपलंही वय कागदावर चुकलेलंच आहे, असं त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, अशक्य नाही. पण पंधराव्या वर्षी पहिलटकरीण म्हणजे जोखीम जास्त. गर्भाशयाच्या तपासण्या लागतील, गाभ राहील, न राहील, टिकेल, न टिकेल. मग दादांचा चेहरा बघून ते जरा विरघळले असावेत, कारण म्हणाले, दुसरा एक मार्ग आहे. घोडीचा गर्भ सातव्या-आठव्या दिवशी काढून दुसऱ्या तरुण घोडीच्या पोटात ठेवतात. बिकानेरला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात 2023 मध्ये मारवाडी शिंगरू असंच जन्माला आलंय. आई बिजलीच राहणार, जवळपास अकरा महिन्यांचं ओझं फक्त दुसरी वाहणार.

आजींनी हे दोनदा समजावून घेतलं. “म्हंजे पोटुशी येक आनि लेक दुसरीची?”

“हो.”

“मंग ओटी कोनाची भरायची?”

डॉक्टरांच्या अभ्यासक्रमात हे नव्हतं. दादा म्हणाले, “दोघींची.” आणि म्हणता म्हणताच त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, कारण दोघींची ओटी भरायची तर दोघी असायला हव्यात. ते घरात गेले, भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि मोतद्दाराला विचारू लागले की दत्तजयंती यंदा कुठल्या वारी येते, सारंगखेड्याला आदल्या रात्री निघालं तर पोचू का, आणि टेम्पोवाला शीळफाटा टाळून भिवंडीकडून नेईल का. शिंगराला जागा नाही यावर महिनाभर घरात एकमत होतं. दुसऱ्या घोडीला जागा आहे म्हणे, आंब्याखाली.